कष्टाच्या घोड्याची चंदी आणि पोटशूळ



या सदरात आपण बहुधा धान, कापूस, तूर यांच्याविषयी आणि फार तर बैल व दुभत्या जनावरांविषयी बोलतो. आज विषय घोड्याचा आहे. आमच्या घरी घोडा नाही म्हणून पान उलटू नका. ज्यांच्या दारी बैल आहेत त्यांनाही यातले बरेच उपयोगी पडेल, आणि आपल्या ओळखीत एखादा टांगेवाला किंवा वरातीला घोडा देणारा असेलच, त्याला हा अंक वाचून दाखवा.

निमित्त झाले ते बल्लारपूरच्या एका भगिनींच्या पत्राचे. त्यांचे यजमान गावात घोड्याच्या गाडीवर मालाची ने-आण करतात आणि लग्नसराईत तोच घोडा वरातीला देतात. शेती दीड एकर धानाची, तीही कोरडवाहू. म्हणजे घर चालते ते घोड्यावरच. या घोड्याला दिवाळीपासून तीन वेळा पोटशूळ उठला. पहिल्या दोन वेळा निभावले, तिसऱ्या वेळी डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचला. आता शेजारीपाजारी सांगतात की, या घोड्याचे पोटच नाजूक आहे, मिळेल त्या किमतीला विकून टाका. घोडा घेताना काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि मुलगी यंदा बारावीला आहे. ताईंनी विचारले आहे की, घोडा विकावा की त्याच्या खाण्यात काही फरक करून पाहावा?

मी कृषीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. म्हणून पत्राचे उत्तर घरबसल्या न लिहिता, परिचयाच्या एका पशुधन विकास अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन मी ताईंच्या घरी जाऊन आलो. पुढे औषधोपचाराचे जे लिहिले आहे ते त्यांना विचारून लिहिले आहे. दाणा-वैरणीचे माझे.

घोडा पाहिला. लहान चणीचा, हाडापेराने चांगला, डोळा तेजदार. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, पोटात जन्माचा काही दोष दिसत नाही. मग मी ताईंना विचारले की, घोड्याला रोज काय देता आणि किती देता. त्यांनी सांगितले ते असे. पहाटे पाचला घोडा गाडीला जुंपतो, तेव्हा पोटात काही नसते. दुपारी तोबऱ्यात मूठ-दोन मूठ कोरडे हरभरे. रात्री घरी आल्यावर दोन डबे हरभरा, एक डबा भाताचा कोंडा आणि पुढे धानाची तणीस, खाईल तितकी. डबा एक किलोचा आहे असे त्या म्हणाल्या.

मी शेजारच्या किराणा दुकानातून काटा मागवला. बंधू-भगिनींनो, तो डबा हरभऱ्याने भरला तर दीड किलो भरला! त्याच डब्यात भाताचा कोंडा मात्र जेमतेम पाऊण किलो. म्हणजे दिवसभर जवळजवळ उपाशी राहिलेल्या घोड्याच्या पोटात रात्री एका वेळी पावणेचार किलो खुराक जात होता. यजमान म्हणाले, "साहेब, बिचारा दिवसभर राबतो, रात्री तरी पोटभर खाऊ द्यावे." यात माया होती, पण याच मायेने तो घोडा मरणाच्या दारात जाऊन आला होता.

असे का होते ते नीट समजून घेऊ, कारण हे समजले की बाकीचे आपोआप समजते.

आपल्याला बैलाची सवय आहे. बैलाच्या पोटाचे चार कप्पे. पहिला कप्पा एवढा मोठा की त्यात शंभर लिटरांहून अधिक मावते. बैल सकाळी भराभर खाऊन घेतो आणि मग सावलीत बसून रवंथ करतो. त्यामुळे त्याला दोन वेळा खायला घातले तरी चालते. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने फार लहान. मोठ्या घोड्याच्या जठरातसुद्धा ८ ते १५ लिटरच मावते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले वर येऊ शकत नाही. तेव्हा जास्त झालेले खाणे बैलासारखे साठवून ठेवण्याची सोय नाही आणि माणसासारखे बाहेर टाकण्याचीही नाही. ते पुढेच सरकणार.

पुढे लहान आतडे. दाण्यातील पिष्ट तिथे पचायला हवे. दाणा एकदम जास्त गेला तर सगळा तिथे पचत नाही, उरलेला तसाच पुढच्या मोठ्या आतड्यात जातो. मोठे आतडे हे घोड्याचे खरे चाऱ्याचे पिंप. तिथे असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवून त्यातून ताकद काढून देतात. या पिंपात न पचलेला दाणा पडला की चाऱ्यावर जगणारे जंतू मागे पडतात, दाण्यावर जगणारे माजतात, आम्ल आणि वायू तयार होतो. पोट फुगते, कळा सुटतात आणि पुष्कळदा खुरांच्या आत दाह होऊन घोडा चारही पाय धरतो. दुसरी अडचण अशी की, हे मोठे आतडे पोटात दुमडून बसवलेले असते आणि एका वळणावर एकदम अरुंद होते. जाड, कोरडा, कमी चावलेला चारा आणि त्यावर पाणी कमी असे झाले की त्या वळणावर बोळा बसतो. लीद बंद होते.

घोड्याचे जठर रिकामे असले तरी त्यात आम्ल पाझरतच असते. त्याला थोपवते ती लाळ, आणि लाळ सुटते ती चावल्यावर. एक किलो वाळलेला चारा चावायला घोड्याला सुमारे पाऊण तास लागतो, एक किलो दाणा तो दहा-बारा मिनिटांत संपवतो. म्हणून घोड्याचे मूळ अन्न चारा, आणि चंदी ही त्यावरची भर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे उलटे झाले आहे.

बल्लारपूर हे नाव ज्या खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजावरून पडले असे सांगतात, तो घोड्यावरून शिकारीला निघाला आणि झरपट नदीकाठी थांबला, त्यातून पुढे चंद्रपूर वसले अशी आख्यायिका आहे. त्या घोड्याला चंदी किती मिळे हे आख्यायिकेत नाही. पण दिवसभर माळावर चरायला मिळत असणार हे नक्की. आपल्या घोड्यांचे तेच गेले. चरणे गेले आणि राहिला तो फक्त तोबरा.

आता त्या तीन दुखण्यांकडे येऊ. पोटशूळ कधी कधी उठला ते तुम्हाला आठवते का, असे मी ताईंना विचारले. त्या उठल्या आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. दूध, गॅस, हप्ता यांच्या खुणांबरोबर त्या तिन्ही दिवसांवर त्यांनी फुली केली होती. नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेमागे जुनी अजून अडकवलेली होती. हा कागद नसता तर मला काहीच उलगडले नसते. घरातल्या बायकांनी अशा खुणा जरूर कराव्यात. डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

पहिली फुली दिवाळीनंतर आठ दिवसांनी. त्याच आठवड्यात धानाची कापणी-मळणी झाली आणि जुने गवत संपले म्हणून एका दिवसात नव्या तणसावर घोडा आला. इथे कारण स्पष्ट आहे. मोठ्या आतड्यातले जंतू एका चाऱ्याला सरावलेले असतात, नव्या चाऱ्याला सरावायला त्यांना दोन आठवडे तरी लागतात. घोड्यांच्या पोटशूळावर देशोदेशी ज्या पाहण्या झाल्या त्यांतही हेच पुन्हा पुन्हा दिसले आहे की, चारा एकदम बदलल्यानंतरच्या पंधरवड्यात पोटशूळाचा धोका चांगलाच वाढतो. दाणा बदलताना लोक थोडी काळजी घेतात, चारा बदलताना मुळीच घेत नाहीत. गवत काय आणि तणीस काय, असे त्यांना वाटते.

दुसरी फुली मार्गशीर्षातली. लागोपाठ तीन रात्री वराती. ढोल-ताशे, फटाके, उभे राहून राहून पाय आखडलेले, पाणी विचारायला कोणाला सवड नाही. पहाटे घरी आल्यावर भुकेल्या, घामेजल्या घोड्यापुढे दोन डबे हरभरा. संध्याकाळी घोडा लोळू लागला.

तिसरी फुली पौषातली, आणि हीच सर्वांत वाईट होती. गंमत पाहा, पौषात लग्ने नसतात. गाडीचे कामही त्या आठवड्यात नव्हते. घोडा पाच दिवस दावणीला उभा होता. ताईंना वाटले, विश्रांती आहे तर जरा अंग धरू द्या. म्हणून चंदी तीच ठेवली, उलट वर गुळाचा खडा. कामाच्या घोड्याला विश्रांतीच्या दिवशी पूर्ण चंदी देणे हे फार धोक्याचे आहे. हालचाल थांबली की आतड्यांची हालचालही मंदावते, आणि दाण्याची ताकद खर्च होत नाही. मग पोटशूळ तरी उठतो, नाहीतर पुन्हा कामाला जुंपल्याबरोबर पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे ताठ होऊन लघवी काळपट-तांबडी होते. विलायतेत गाडीच्या घोड्यांना रविवारी सुटी असे, त्यामुळे तिकडे या दुखण्याला सोमवारचा आजार असे नावच पडले होते.

या गोष्टीची मला लहानपणापासून ओळख आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या घरी एक घोडी होती. आजोबा तिच्यावरून शेताला जात. दसऱ्याला तिला न्हाऊमाखू घालून, कपाळाला कुंकू लावून गल्लीतून फिरवली. प्रत्येक घरून तिला काही ना काही मिळाले. पुरणपोळी, हरभरे, गूळ. घरी आल्यावर मी आपल्या हाताने आणखी एक शेर हरभरे तिला घातले, कारण सण होता आणि दिवसभर तिला काम नव्हते. मध्यरात्री ती पाय आपटू लागली. जुनी माणसे म्हणाली, कुरकुरी उठली आहे. नाकातून हिंगाचे पाणी आणि तेल ओतले. सकाळी ती गेली. आजोबा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते हरभरे मी घातले होते हे त्यांना माहीत होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

असो. ताईंच्या घोड्याचे आता काय करायचे ते पाहू.

आधी वजन. घोड्याला काट्यावर चढवता येत नाही, पण शिंप्याच्या टेपने काम होते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. येते ते वजन किलोमध्ये. या घोड्याचा घेर १५५ आणि लांबी १४० भरली. हिशेब ताईंच्या मुलीनेच केला, २८३ किलो. आपण २८० धरू.

घोड्याला रोज वजनाच्या शेकडा दोन इतका वाळलेला चारा मिळावा, आणि काहीही झाले तरी शेकडा दीडच्या खाली जाऊ नये. म्हणजे या घोड्याला साडेपाच ते सहा किलो. हा चारा चार-पाच वेळा विभागून द्यावा आणि सर्वांत मोठा वाटा रात्रीसाठी ठेवावा, म्हणजे रात्रभर तोंड चालू राहते. पहाटे जुंपण्यापूर्वी तास-दीड तास आधी किलोभर चारा पोटात गेलाच पाहिजे. ताई म्हणाल्या, मग साडेतीनला उठावे लागेल. त्यावर तोड अशी की, रात्री झोपताना दाव्याजवळ जाळीच्या पिशवीत चारा टांगून ठेवावा. जाळीची भोके लहान असली की घोडा हळूहळू ओढून खातो आणि पहाटेपर्यंत पुरवतो. जाळी मात्र इतकी वर बांधावी की पाय अडकणार नाही.

चंदी एका वेळी अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. पोटशूळाची खोड लागलेल्या या चणीच्या घोड्याला मी यापुढे जाणार नाही. अर्धी ज्वारी भरडलेली, अर्धा हरभरा रात्रभर भिजवून ठेचलेला. अख्खी ज्वारी देऊ नये, ती लिदीत तशीच पडते. कोरडा हरभराही नको, तो पोटात गेल्यावर फुगतो. असे अर्धा-अर्धा किलो दिवसातून तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी आधी चारा, मग चंदी. काम संपल्यावर घोड्याचा श्वास बसून अंग निवेपर्यंत, निदान तासभर चंदी दाखवू नये. चंदी खाल्ल्यावरही तास-दीड तास जड कामाला जुंपू नये.

यजमानांची शंका रास्त होती. पावणेचार किलोवरून दीड किलोवर आणले तर घोडा ओढणार कशाच्या जोरावर? त्याचे उत्तर चाऱ्यात आहे. चांगला चारा सहा किलो मिळाला तर निम्म्याहून अधिक ताकद तिथूनच येते. आणि वर गोडेतेल. तेलात दाण्याच्या दुपटीहून जास्त ताकद असते आणि ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबत नाही. घरातले सोयाबीनचे किंवा जवसाचे तेल चालते. चंदीत मिसळून पहिले चार दिवस दोन चमचे, मग हळूहळू वाढवीत तीन आठवड्यांत रोजचे १०० मिलिलिटर. लीद पातळ झाली तर थोडे मागे यावे. एकदम वाटीभर ओतू नये. कामाच्या हंगामात घोडा तरीही रोड होऊ लागला तर चंदीची चौथी वेळ वाढवावी. तीन वेळांचे माप वाढवू नये.

जुन्या खाण्यावरून नव्यावर यायलाही पंधरा दिवस घ्यावेत. चंदीचे वेळा वाढवून दर खेपेचे माप कमी करणे हे मात्र पहिल्या दिवसापासून करता येते. त्याला वाट पाहायची गरज नाही. आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी निम्मी, चारा पूर्ण, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास हाताने फिरवणे. सलग दोन-तीन दिवस सुटी असेल तर चंदी मूठभरच ठेवावी. पुन्हा कामाला जुंपताना मागचे माप दोन-तीन दिवसांत चढवीत न्यावे.

खरी अडचण आपल्या भागात चाऱ्याची आहे. धानाचा मुलूख, म्हणजे तणीस मुबलक. बैलाला ती चालते, घोड्याला मात्र तिच्यावर ठेवू नये. तणसात रेतीसारखा सिलिकाचा अंश फार, पचायला जड, सत्त्व कमी, आणि तिच्यातले ऑक्झॅलेट खाण्यातला चुना बांधून ठेवते. कडबा उत्तम, पण वरोरा-भद्रावतीकडेही सोयाबीन आणि कापसापुढे ज्वारीचा पेरा घटल्याने तो महाग झाला आहे. सोयाबीनचे कुटार स्वस्त मिळते. त्यातली काडी जाड आणि टोचरी, घोड्याच्या आतड्यात तीच बोळा धरते. तेव्हा आपल्याला परवडणारा चारा म्हणजे बांधावरचे आणि माळावरचे वाळवलेले गवत. मारवेल, शेडा यांसारखी गवते फुलोऱ्यावर असताना, आश्विन-कार्तिकात, कापून दोन दिवस उन्हात आणि मग सावलीत वाळवली तर हिरवट रंग टिकतो आणि घोडा आवडीने खातो. कुसळी गवत मात्र कुसळ धरण्याआधीच कापावे, नंतर ती कुसळे जिभेत आणि हिरड्यांत घुसतात. माळ पिवळाधमक झाल्यावर कापलेले गवत म्हणजे नुसती काडी. ताईंनी पुढच्या हंगामात गावातल्या दोन-तीन शेतकऱ्यांशी बांधावरच्या गवताचा आधीच ठराव करावा. आजच्या घडीला तणीस एकदम बंद करणे शक्य नसेल तर ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये, आणि पाणी शिंपडून मऊ करून द्यावी. थोडा लसूणघास मिळाला तर सोन्याहून पिवळे, पण तोही दिवसाला किलो-दीड किलो हिरवा, सवयीने. फार कोवळा आणि ओला ढीग घातला तर तोच पोट फुगवतो. तापलेला, बुरशी आलेला चारा तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

भाताच्या कोंड्याविषयी सांगायचे राहिले. मूल, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यात धानाच्या गिरण्या आहेत, त्यामुळे कोंडा हाताशी असतो. तो दोन कारणांनी नको. एक म्हणजे त्यातले तेल लवकर खवट होते. दुसरे, त्यात स्फुरद भरपूर आणि चुना अगदी थोडा. असा कोंडा महिनोन्महिने खाणाऱ्या घोड्याच्या हाडांतला चुना ओढला जातो, तोंडाची हाडे सुजून डोके मोठे दिसू लागते, पाय लंगडतात. पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग हटकून होई, कारण त्यांना कोंडा फुकट मिळे. तणीस आणि कोंडा ही जोडी तर या बाबतीत सर्वांत वाईट. म्हणून ताईंना कोंडा बंद करून रोज खनिज मिश्रण द्यायला सांगितले आहे, डॉक्टरांनी दिलेल्या मापाने. चुना म्हणजे पानाला लावायचा चुना नव्हे, तो तोंड भाजतो. मागे एका गावी हा घोटाळा झाल्याचे मी पाहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणखी तीन गोष्टी घोड्याच्या तोंडापासून दूर ठेवाव्यात. आपल्याकडे धानानंतर बांधीत लाखोळी पेरतात. तिचा दाणा घोड्याला फार बाधतो. मागचे पाय लुळे पडतात आणि गळ्याची नस दुबळी होऊन ओझे ओढताना घोडा घरघर आवाज करू लागतो. हरभऱ्यात लाखोळी मिसळलेली नाही ना, हे चाळून पाहावे. दुसरे, कोंबड्यांचे तयार खाद्य. त्यात कोंबड्यांच्या रोगासाठी मिसळलेली काही औषधे कोंबड्यांना चालतात, पण घोड्याचे हृदय बंद पाडतात. उरलेले खाद्य वाया जाऊ नये म्हणून कोणी घोड्याला घालू नये. गाईच्या तयार खाद्यातही कधी कधी अशी औषधे असतात, तेव्हा तेही नको. तिसरे, सध्या मोहाची फुले गळण्याचे दिवस आहेत. घोडा गोडाला चटावतो. फुलांचा सडा पडलेल्या झाडाखाली त्याला बांधू नये, कारण ती फुले पोटात गेल्यावर आंबतात.

आता उन्हाळा तोंडावर आहे, आणि चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४६-४७ च्या घरात जातो तेव्हा पोटशूळाचे मोठे कारण म्हणजे पाणी. या चणीच्या कष्टाच्या घोड्याला उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ४० लिटर, कधी त्याहूनही जास्त लागते. पाणी स्वच्छ आणि सावलीतले असावे, तापलेल्या टाकीतले घोडा पीत नाही. गरम अंगाच्या घोड्याला पाणी पाजू नये असा एक जुना समज आहे. तो सोडून द्यावा. पोटभर एकदम न पाजता दोन-तीन लिटर पाजावे, थोडे चालवावे, अंगावर पाणी मारावे आणि पुन्हा पाजावे. तहानलेल्या घोड्यापुढे कोरडी चंदी ठेवणे हे मात्र खरोखर वाईट. ताईंच्या यजमानांनी गाडीखाली वीस लिटरचा कॅन बांधायचे कबूल केले आहे. वरातीला जातानाही तो बरोबर न्यायचा, आणि लग्नघरच्यांशी बोलणी करतानाच सांगायचे की तासाला एकदा घोडा पाण्यासाठी बाजूला घेतला जाईल.

पाण्याबरोबर मीठ. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा खारट असतो. मीठ कमी झाले की घोड्याला तहानच लागत नाही, आणि तो पाणी समोर असून पीत नाही. साधे मीठ रोज ३० ग्रॅम, म्हणजे सपाट पाच चहाचे चमचे. घामाच्या दिवशी त्याच्या दुप्पट, चंदीच्या वेळांत वाटून. पाणी भरपूर असेल तरच मीठ, हे विसरू नये.

डॉक्टरांनी तोंडात हात घातला तेव्हा मागच्या दाढांना धार आलेली आढळली. आतून गाल सोलला होता. असा घोडा चारा नीट चावत नाही, अर्धवट गिळतो, आणि तोच पुढे वळणावर अडकतो. लिदीत बोटभर लांबीच्या काड्या दिसू लागल्या तर दाढा पाहून घ्याव्यात. वर्षातून एकदा दाढा घासून घ्याव्या लागतात. जंतांचे औषधही मनाने न देता लीद दवाखान्यात तपासून द्यावे. आणि ताईंचे घर वर्धेच्या काठाजवळ, अंगण रेताड. तणीस जमिनीवर टाकत होते. मी मूठभर लीद बादलीभर पाण्यात ढवळून ठेवली. पंधरा मिनिटांनी पाणी ओतले तर तळाशी चमचाभर रेती! ही रेती आतड्यात साठत जाते. तेव्हा चारा यापुढे जाळीत किंवा जुन्या टायरच्या गव्हाणीत, खाली पोत्याचे आंथरूण घालून.

इतके करूनही एखाद्या दिवशी पोटशूळ उठला तर काय करावे? घोडा खाणे सोडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे पाहतो, वरचा ओठ मुडपतो, उठ-बस करतो, लोळतो, घामाघूम होतो. यातले काही दिसताच दाणा-चारा समोरून काढावा आणि फोन करावा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे, तो आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. डॉक्टर येईपर्यंत जबड्याखालची नाडी मोजावी. निरोगी घोड्याची मिनिटाला ४० च्या आत असते, ६० च्या वर गेली तर हे साधे दुखणे नव्हे, तसे फोनवरच सांगावे. शेवटची लीद कधी पडली तेही सांगावे. घोडा फार लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरवावा. रात्रभर पळवून त्याला दमवू नये.

तोंडातून किंवा नाकातून बाटलीने तेल, ओव्याचा काढा, दारू, सोडा काहीही ओतू नये. वेदनेत असलेल्या घोड्याच्या नरड्यात ओतलेले अर्धे फुप्फुसात जाते, आणि पोटशूळातून वाचलेला घोडा फुप्फुसाच्या दुखण्याने मरतो. डॉक्टर तेल देतात ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात, ते वेगळे. घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नयेत. त्यांनी कळ दबते, रोग दबत नाही, आणि डॉक्टरांना खरी स्थिती कळत नाही. डायक्लोफेनॅक हे औषध तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मरतात हे सिद्ध झाल्यावर ही बंदी आली. आपल्या शेजारच्या गडचिरोलीच्या जंगलात थोडी गिधाडे टिकून आहेत, त्यांच्यासाठी एवढे तरी करावे.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, घोडा आत्ता विकू नका. तीन महिने या रीतीने ठेवून पाहा. लग्नसराईचा हंगाम हातचा जाणार नाही. मात्र यंदा लागोपाठ तीन रात्रींची सुपारी घेऊ नका, एक रात्र मध्ये मोकळी सोडा. एवढे करूनही पोटशूळ पुन्हा पुन्हा उठला तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून घ्यावे लागेल, ते डॉक्टर ठरवतील. तो जुना डबा फेकू नका. त्यात हरभरा आणि भरडा मिळून अर्धा किलो कुठपर्यंत येतो ते दुकानच्या काट्यावर पाहून तिथे खिळ्याने रेघ मारा, म्हणजे घरातल्या कोणीही चंदी घातली तरी माप चुकणार नाही. दिनदर्शिकेवर खुणा चालू ठेवा. आता फुलीबरोबर काम किती झाले, पाणी किती बादल्या प्याला आणि लीद किती वेळा पडली तेही लिहा. वैशाख संपल्यावर तो कागद माझ्याकडे पाठवा, आपण पुन्हा पाहू.

पुढील अंकी धानाच्या रोपवाटिकेची तयारी.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)